पुष्पाबाईचं लगेज

"अंकल, ये बैग आपका है?"

माझीच होती. विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावरून ती यंत्रात गेली, अर्ध्यात थांबली, मागे आली, पुन्हा आत गेली. यंत्रासमोर बसलेल्या शिपाई बाईने पडद्यावर बोट ठेवून शेजारच्या साहेबांना काहीतरी दाखवलं. माझ्या मागच्या लोकांचे ट्रे अडकून पडले. मी एका हाताने पँट धरून उभा होतो. बेल्ट काढायला लावला होता, आणि पुष्पा गेल्यापासून माझी कंबर बरीच उतरली आहे.

"हाव," मी म्हणालो. "मतलब, हाँ जी. मेरा है."

"क्या है इसमें?"

मला हिंदी येते, पण ती कंडक्टरची हिंदी. पीछे सरको, छुट्टा दो, बच्चा कितने साल का है, एवढ्यावर माझी नोकरी निभली. घाईत तोंडात आलं ते बोलून गेलो.

"साहब, इसमें मेरी बाई का वजन है."

"बाई का?"

"हाँ. बाई तो गई. अब लडकी को जहाज से कूदना है. लडकी बहुत हलकी है, इसलिए वजन लगता है."

साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "कौन से जहाज से कूदना है?"

"जो मिलेगा उससे," मी म्हणालो. "रोज कूदती है."

माझ्या मागचा माणूस दोन पावलं मागे सरकला.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. बोलणं सभ्य होतं, पण आणखी दोन शिपाई येऊन माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. बॅग उघडली. वर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. त्याखाली टॉवेल. टॉवेलाखाली चित्त्याच्या ठिपक्यांचा कमरपट्टा, त्याला सहा खिसे, आणि प्रत्येक खिशात काहीतरी जड. तो पाहून शिपाई बाई म्हणाली, "हे भगवान."

इथे मला थोडं मागचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही तेच म्हणाल.

मी किसनराव. बुलडाणा डेपोत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन धाड गावी राहतो. माझी बायको पुष्पा भाजी विकायची. बुलडाण्याला पहाटेच्या हर्राशीत बोली लावून माल घ्यायचा आणि ज्या गावचा बाजार असेल तिथे जाऊन बसायचं. धाडच्या बाजाराला ती माझ्याच गाडीने यायची.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. ती टोपलं, पोतं, तराजू आणि लोखंडी वजनांची थैली घेऊन माझ्या गाडीत चढली. मी तिकिटं फाडत फाडत तिच्यापर्यंत आलो आणि तिला ओलांडून पुढच्या सीटकडे वळलो. तिने माझी बाही धरली.

"ओ कंडक्टर. लगेज लावा."

"राहू दे वं," मी हळूच म्हणालो.

"लावा म्हनते ना. लोक पाहून राह्यले."

मी मुकाट्याने लगेजचं तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं. त्यानंतर घरी कोणी पाहुणा आला की ती सांगायची, "ह्या मानसानं नव्या नवरीले लगेज लावलं व माय! काळीज हाये का दगड?" तिनेच लावायला लावलं होतं, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. लोक हसायचे, ती हसायची, चहा व्हायचा. मला दगड म्हणवून घ्यायला काही हरकत नव्हती.

तिची वजनं म्हणजे तिचा जीव. पुढे सगळ्यांनी बॅटरीवरचे काटे घेतले. तिने घेतला नाही. "त्याले काटाच नाही, त्याले काटा काऊन म्हनतात?" असं तिचं म्हणणं. कोणी गिऱ्हाईक कुरकुर करू लागलं की ती म्हणायची, "काटा पाह्य बापा, माह्या तोंडाकडे काय पाह्यतं?" काटा बरोबर मधे आला की वरून मूठभर कोथिंबीर टाकायची आणि काटा पुन्हा बिघडवायची.

संध्याकाळी बाजार उठला की मी शेवटच्या फेरीआधी तिच्याजवळ जायचो. मी थैलीचं तोंड उघडून धरायचं, तिने एकेक वजन पदराने पुसून आत टाकायचं, मोठं आधी, बारकं नंतर. घाई केली तर म्हणायची, "थांबा. माती घरी नेता काय? माती बसली का गिऱ्हाइकाचं भलं अन् आपलं वाटोळं."

मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, परत आणलं ते तसंच आणलं. वजनांची थैली खाटेखाली राहिली. झाडताना मी ती सरकवायचो आणि परत होती तिथे ठेवायचो.

आमची एकुलती एक लेक महामाया. आम्ही माया म्हणतो. पोरगी लहानपणापासून काडी. पुष्पा तिच्या ताटात जास्तीची भाकर टाकायची आणि दम द्यायची, "खाय, नाही तं वाऱ्यानं उडून जाशीन एक दिवस." माया कॉलेजात एनसीसीत गेली, तिथे छत्री घेऊन विमानातून उडी मारायला शिकली आणि त्याचंच वेड घेऊन बसली. आता हरियाणात अशा उड्यांचं एक मैदान आहे, तिथे ती लोकांच्या छत्र्या घड्या घालून देते आणि स्वतःही उड्या मारते. पहिल्या उडीचा व्हिडिओ तिने फोनवर पाठवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पुष्पाने तो गल्लीभर दाखवला. "पाह्य, उडाली शेवटी! मी म्हनत नव्हती काय?"

यावर्षी सहा पोरींनी हवेत हात धरून गोल करायचा, असं त्यांचं ठरलं. रविवारी मोठा कार्यक्रम होता, पाहुणे येणार होते. मायाने फोन केला तेव्हा रडकुंडीला आली होती.

"बाबा, मी बाहेर पडते तं मीच मांगं राह्यते."

"मांगं म्हंजे?"

"म्हंजे वर! त्या पाचजनी खाली जातात अन् मी वरच तरंगत राह्यते. मी हलकी हाये ना. सर म्हनतात, कमरेले चार किलो वजन बांध नाही तं दुसरी पोरगी घेतो. मैदानावर एकच पट्टा हाये, तो दुसरीले लागते. नवीन मागवला तं महिना लागते."

मी खाटेखाली वाकून पाहिलं. मग म्हणालो, "माये, घरात वजनं पडून हायेत."

ती हसली.

"किलोचं आईनं कुठी ठेवलं?" तिने विचारलं.

"हायेत. सगळी हायेत."

"आना मग," ती म्हणाली. "पन बाबा, खिसे पक्के पाह्यजेत. एकही सुटून खाली पडलं नाही पाह्यजे, कोनाचं डोकं फुटीन. अन् टोकं टोचू नये."

धाडला कय्यूम आहे, जीपची सीटं शिवतो. मी थैली त्याच्या दुकानात नेऊन ओतली. त्याने किलोचं वजन उचललं, तळहातावर खालीवर केलं.

"किसनभाऊ, ह्याच किलोनं भाभीनं मले आयुष्यभर वांगे तोलून देल्ले."

"हाव."

"वरून दोन मिरच्या."

"हाव बे. आता शिव."

त्याने दोन किलोचं वजन पाहताच बाजूला ठेवलं. "हे राहू दे. पोरीची कंबर तोडता का?" किलोची दोन, अर्ध्या किलोची तीन आणि एका खिशात बारकी सगळी, असा त्याने हिशोब बसवला. आतून फोम, बाहेरून रेक्झिन, दुहेरी टाका, चेन, चेनवर पुन्हा झाकण. रेक्झिन मात्र चित्त्याच्या ठिपक्यांचं. कोण्या जीपवाल्याने हौसेने आणलं होतं, त्यातला तुकडा उरला होता.

"हे काय लावलं बे? दुसरं नाही काय?"

"दुसरं उन्हात तडकते. हे विमानातून पडलं तरी काही होत नाही," कय्यूम म्हणाला आणि स्वतःच हसू लागला. "पडाचंच हाये म्हना त्याले."

निघायच्या आदल्या दिवशी मायाने मला बजावून सांगितलं होतं, वजनं मोठ्या बॅगेत टाका, ती बॅग काउंटरवर द्या, हातात ठेवू नका. मी हो म्हणालो. पण मी कंडक्टर माणूस. टपावर टाकलेल्या सामानाचं काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको. चिखलीला बांधलेलं पोतं मेहकरला सापडलेलं मी पाहिलं आहे. एकाच्या टपावरच्या कोंबड्या दुसराच घेऊन गेला आणि त्याची मारामारी माझ्या गाडीत झाली. पीठ, पापड, हळद, माझे कपडे मोठ्या बॅगेत गेले, हरवले तर हरवले. पुष्पाची वजनं मी मांडीवर घेऊन बसणार होतो. म्हणून ती हातातल्या बॅगेत घातली आणि सकाळच्या गाडीने औरंगाबादला आलो. आता संभाजीनगर म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसत होतो.

तर असा मी शिपायांच्या मधे उभा होतो. साहेबांनी एक चेन उघडली. आतून किलोचं वजन निघालं. त्यांनी ते उलटं केलं, खालचा शिक्का पाहिला.

"ये तो सब्जीवाले का बाट है!"

"सब्जीवाली का," मी म्हणालो. "वही तो बोल रहा हूँ."

त्यांचा विश्वास बसेना. मी मायाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्पीकर सुरू केला. माया सगळं हिंदीत नीट सांगत होती, उडी, गोल, वजन, पट्टा. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. मग मायाने विचारलं की बाबा तिथेच आहेत का, आणि एकदम आमच्या भाषेवर आली.

"बाबा! मी सांगतलं होतं ना, खालच्या बॅगेत टाका म्हनून!"

"अवं, पन टपावरचं सामान कधी..."

"बाबा, विमानाले टप नसते!"

रांगेतल्या ज्यांना मराठी येत होतं ते हसले. ज्यांना येत नव्हतं त्यांना बाकीच्यांनी सांगितलं. दोन पावलं मागे सरकलेला माणूस पुन्हा पुढे आला.

साहेबही हसले, पण वजन त्यांनी हातातून सोडलं नाही. "अंकल, चीज़ गलत नहीं है. लेकिन अंदर नहीं जाएगी. लोहा है, किसी के सिर पर मार दिया तो? या तो यहाँ छोड़ दो, या बाहर जाकर काउंटर पर जमा करो. जल्दी करो, आपकी फ्लाइट का टाइम हो रहा है."

इथे छोड़ दो म्हणजे कुठे, तर बाजूला एक काचेची पेटी होती. त्यात लायटर, कात्र्या, एक पेचकस आणि शेंडीसकट एक नारळ पडला होता. मी त्या नारळाकडे पाहिलं. पुष्पाचं किलो त्याच्याशेजारी जाऊन पडलं तर रविवारी माया वरच राहणार होती आणि मी रिकाम्या हाताने तिच्यासमोर उभा राहणार होतो.

"जमा करता हूँ," मी म्हणालो.

एका हातात बॅग, एका हातात पँट, बूट पायात पण नाड्या सुटलेल्या, असा मी उलट्या दिशेने निघालो. मागून शिपाई बाई ओरडली, "अंकल, बेल्ट!" आणि माझा बेल्ट घेऊन पळत आली. मला क्षणभर वाटलं, आता हाही जमा करायला सांगते की काय.

काउंटरवर जी मुलगी होती तिच्या छातीवर वंदना असं नाव होतं. मघाशी तिनेच माझी मोठी बॅग घेतली होती.

"काका, तुम्ही परत?"

"ताई, हे पन घ्या. तिकडे नाही म्हनतात."

"तुमची बॅग तर पुढे गेली आता. हे वेगळं टाकावं लागेल." मी दशम्यांचं पुडकं तेवढं काढून घेतलं. तिने बॅग काट्यावर ठेवली. आकडे लाल झाले. "तुमच्या मोठ्या बॅगेतच वजन पूर्ण झालं होतं, काका. काय आहे यात एवढं जड?"

"वजनंच हायेत," मी म्हणालो.

तिने उघडून पाहिलं. चित्ता पाहून ओठ दाबले. मी दोन वाक्यांत सांगितलं. मंडळी गेली, तिची वजनं, पोरीला पाहिजेत, रविवारी. माझ्या मागे पुन्हा रांग लागली होती, एका बाईचं लेकरू रडत होतं. वंदनाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या काका. चार-पाच किलोच आहे. मी तशीच टाकते. तुम्ही पळा."

तिने बॅगेला चिठ्ठी लावायला हात पुढे केला. पोरगी भली होती. मला पळायलाही पाहिजे होतं. पण माझा हात बॅगेवरून निघेना.

"नाही ताई. लगेज लावा."

"अहो, मी सोडतेय ना..."

"लावा म्हनतो ना," मी म्हणालो. "लोक पाहून राह्यले."

माझंच बोलणं माझ्या कानावर आलं आणि मला हसू आलं. वंदना गोंधळली. म्हातारा हसतोय आणि डोळे पुसतोय, तिला काय कळणार? पण तिने पावती फाडली. म्हणजे यंत्रातूनच निघाली, पण मी फाडलीच म्हणेन. मी पैसे भरले. पावतीची घडी केली. पदर नव्हता, म्हणून वरच्या खिशात ठेवली.

मी पुन्हा तपासणीला आलो तेव्हा साहेबांनी लांबूनच विचारलं, "हो गया जमा?"

"हो गया. लगेज भर दिया."

"अब तो कुछ नहीं है ना?"

"दशमी है," मी म्हणालो. एक दशमी त्यांना दिली. ड्यूटीवर आहे म्हणाले, पण घेतली.

विमानात मला खिडकी मिळाली. ढग पाहण्यापेक्षा माझं मन खालच्या डिकीतच होतं. एसटीत ती बसायची आणि मी उभा असायचो. आता मी बसलो होतो आणि ती खाली सामानात होती. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, पहिल्यांदा का? मी म्हणालो, हो, आम्ही दोघंही.

दिल्लीला माझी मोठी बॅग लवकर आली. दुसरी येईना. लोक आपापलं सामान उचलून गेले. पट्टा रिकामाच फिरू लागला. मी खिशावर हात ठेवून पावती चाचपली. ज्याला पावती आहे त्याचं सामान येतं, हे मीच हजार वेळा प्रवाशांना ऐकवलं होतं आणि त्यातलं किती खरं असतं तेही मला ठाऊक होतं. मग पडद्याआडून, आडवी पडलेली, सगळ्यात शेवटी ती आली. मी उचलून कानाजवळ हलवली. आत खण्ण वाजलं.

मैदानावर मायाने मला मिठी मारली. मग लगेच कमरपट्टा मागितला. तिच्या सरांनी प्रत्येक चेन ओढून पाहिली, टाक्यात बोट घालून पाहिलं, झाकणं वरखाली केली.

"सिलाई बढ़िया है. ये चीता कहाँ से आया?"

"धाड से," मी म्हणालो.

रविवारी त्या सहा पोरी लहानशा विमानात बसून वर गेल्या. खाली मांडव होता, खुर्च्या होत्या, पाहुणे होते. सगळे वर बघत होते. मलाही बघायचंच होतं, पण उन्हाने डोळ्यांत पाणी आलं आणि ठिपके दिसायच्या आतच लोक टाळ्या वाजवू लागले. मला दिसल्या त्या उघडलेल्या छत्र्या. मी त्या मोजल्या, परत मोजल्या.

उतरल्यावर माया छत्री गोळा करून खांद्यावर टाकून पळत आली. त्यांच्याबरोबरच उडी मारलेल्या सरांच्या टोपीवर कॅमेरा होता. तिने फोनवर मला दाखवलं. आधीच्या व्हिडिओंत पाच पोरींच्या हातांचा गोल दिसायचा, मधे एक जागा रिकामी आणि वर कुठेतरी आमची काडी हातपाय मारत असायची. आज सहाही चेहरे एका पातळीत होते. गालांची कातडी वाऱ्याने थरथरत होती, आणि मायाचं तोंड उघडं होतं, काहीतरी ओरडत होती.

"काय ओरडून राह्यली वं?"

"आठवत नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, काटा बरोबर मधात आला."

ती गवतात बसली. कमरपट्टा सोडला. शेतातल्या मैदानाची माती, धूळ सगळ्या खिशांवर बसली होती. तिने एकेक चेन उघडून वजनं बाहेर काढली आणि जमिनीवर मांडली. तिच्या मैत्रिणी फोटोसाठी हाका मारत होत्या. ती हात करून थांबा म्हणाली.

मग तिने किलोचं वजन उचललं, टी-शर्टच्या टोकाने चहूबाजूंनी पुसलं, खालचा शिक्का वेगळा पुसला. मी बॅगेतून जुनी थैली काढली आणि तिचं तोंड उघडून धरलं. माया मान वर न करता एकेक वजन आत टाकत गेली. मोठं आधी, बारकं नंतर.